आठ जणींची गोधडी आणि न जुळणारे ब्लॉक

गोव्यातल्या डिचोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आठ जणींनी दसऱ्याला ठरवलं की प्रत्येकीने दर महिन्याला एक ब्लॉक, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेला एक चौकोन, शिवायचा आणि सगळे जोडून एक मोठी गोधडी करायची. पाच महिने झाले. २३ ब्लॉक जमले, पण ठरले होते साडेबारा इंचाचे आणि निघाले सव्वाअकरापासून पावणेतेरापर्यंत. दोघींचं येणं थांबलं. गटातल्या सर्वांत मोठ्या काकींचा ब्लॉक वाकडा आहे, तो उसवून परत शिवावा का? आणि विचारणाऱ्या ताईंना स्वतःचं सॅम्पलरही (प्रत्येक ब्लॉक निराळ्या नमुन्याचा अशी गोधडी) करायचं आहे, ते आता सुरू करावं की हे संपल्यावर?

ताई, आधी एक सांगते: काहीही उसवू नका. २३ चे २३ ब्लॉक कामाला येतील. ते कसे, हे पुढे सांगते. पण मापं का बिघडली हे आधी समजून घ्यावं लागेल, नाहीतर पुढचे ब्लॉकही असेच येतील.

दोष बहुतेक कुणाच्या कात्रीचा नसतो, मायेचा असतो, म्हणजे टिपेच्या बाहेर कडेला सोडलेल्या कापडाचा. आपण शिवण शिकलो ब्लाऊजवर आणि परकरावर. तिथे माया अर्धा इंच, कधी एक इंच सोडायची, पुढे अंगाला सैल करता यावं म्हणून. ब्लॉकमध्ये माया असते पाव इंच, म्हणजे साधारण सहा मिलिमीटर, आणि ती प्रत्येक जोडाला सारखीच हवी. साधा नऊ चौकटींचा ब्लॉक घ्या. त्याच्या रुंदीत दोन जोड येतात. एखादीने सहाऐवजी आठ मिलिमीटरवर टीप मारली, तर एका जोडाला दोन्ही बाजू मिळून चार मिलिमीटर गेले आणि दोन जोडांना आठ. ब्लॉकच्या रुंदीत सहा तुकडे असतील तर जोड पाच, म्हणजे २० मिलिमीटर गेले. तो सरळ पाऊण इंच झाला. कापताना कितीही नीट कापलेलं असो, पाऊण इंच कमी तो कमीच. म्हणून गटात ज्या बाईने सोपा नमुना घेतला तिचा ब्लॉक मापात आला आणि जिने हौसेने बारीक तुकड्यांचा घेतला तिचा आखडला. तिचा हात वाईट नाही, तिच्या ब्लॉकमध्ये जोड जास्त होते एवढंच.

यावर एक परीक्षा आहे. मी नव्या गटाला पहिल्या दिवशी हीच देते आणि बाकी काही करू देत नाही. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. एकमेकींना जोडा, इस्त्री करा, मग मोजा. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली पाहिजे. मधली पट्टी कमी भरली तर माया जास्त जातेय. पाव इंचावर काटेकोर टीप मारूनही थोडं कमी भरतं, कारण दुमडलेल्या घडीतही कापड जातं. म्हणून टीप पाव इंचाच्या एक-दोन धागे आत ठेवायची. आठही जणींच्या पट्ट्या एकदा साडेतीन इंच भरल्या की पुढचं निम्मं भांडण मिटलं.

पायाच्या मशीनवर माया सारखी कशी ठेवायची? प्रत्येक मशीनचा प्रेशर फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा पाय, वेगळ्या रुंदीचा असतो, त्यामुळे ‘फूटच्या कडेला कापड धर’ हा सल्ला गटात चालत नाही. आलेखाच्या कागदावर कडेपासून पाव इंचावर रेघ आखा, सुई हाताने फिरवून बरोबर त्या रेघेवर टेकवा, आणि कागदाची कडा जिथे येते तिथे मशीनच्या पाटीवर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावा. कापड त्या उंचवट्याला टेकवून सरकवायचं. माझ्या उषाच्या जुन्या मशीनवर अशी पट्टी कायम असते.

इस्त्रीबद्दलही थोडं. ब्लॉकवर इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची आणि उचलायची. फिरवली की उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, कडा ताणली जाते आणि चौकोनाचा पतंग होतो. माया गडद कापडाच्या बाजूला पाडायची. एका ओळीतल्या माया डावीकडे आणि खालच्या ओळीतल्या उजवीकडे पाडल्या, तर जोडताना एकीची घडी दुसरीत चपखल बसते आणि चार कोपरे एका बिंदूत मिळतात.

आता तुमचे २३ ब्लॉक. आपल्याकडे चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात, ती आठवा. आधी लाकडी चौकट टांगायची, मग तिला नारळ, सुपारीचे घड, केळी, तवशी, रानातली फळं. कुठलंही फळ दुसऱ्यासारखं नसतं, मापाचं तर नसतंच, तरी माटोळी नीट दिसते कारण चौकट सरळ असते. गटाच्या गोधडीचं हेच आहे. ब्लॉक सारखे करायला जाऊ नका, चौकट सारखी करा.

प्रत्येक ब्लॉकच्या चारही बाजूंना अडीच इंच रुंदीची पट्टी जोडा, आधी दोन समोरासमोरच्या, मग उरलेल्या दोन. सव्वाअकराचा ब्लॉक सव्वापंधरा होईल आणि पावणेतेराचा पावणेसतरा. मग सगळे एकाच मापात कापून घ्या: साडेचौदा बाय साडेचौदा. कापताना ब्लॉकचा मध्य मोजपट्टीच्या मध्यावर ठेवा, म्हणजे चारही बाजूंना सारखी पट्टी उरेल. मोठ्या ब्लॉकभोवती जेमतेम पाऊण-एक इंच दिसेल, लहानाभोवती दीड इंचाहून थोडी जास्त. हे डोळ्याला खटकू नये यासाठी सगळ्या चौकटी एकाच रंगाच्या घ्यायच्या. मग एका ब्लॉकची पट्टी कुठे संपली आणि शेजारची कुठे सुरू झाली हे दिसत नाही. सगळे ब्लॉक एका रंगावर तरंगल्यासारखे वाटतात. मी यासाठी धुतलेलं मांजरपाट वापरते. तीन मीटर पुरतं आणि थोडं उरतं.

शिवून झाल्यावर प्रत्येक ब्लॉक १४ इंचांचा. चार आडवे, सहा उभे लावले की २४ होतात आणि गोधडी ५६ बाय ८४ इंचांची. एका माणसाच्या ३६ बाय ७२ च्या गादीवर दोन्ही बाजूंनी दहा दहा इंच खाली येते. तुमच्याकडे २३ आहेत. चोविसाव्याचं शेवटी सांगते.

ही युक्ती माझ्या मनातून आलेली नाही, वेगवेगळ्या हातांचं काम एकत्र आणण्याची ती जुनी रीत आहे. १८४१ साली ‘राजा’ नावाचं जहाज इंग्लंडहून टास्मानियाला गेलं, शिक्षा झालेल्या १८० च्या आसपास बायकांना घेऊन. तुरुंगातल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या समितीने प्रवासासाठी सुया, दोरे आणि कापडाचे तुकडे दिले होते. साडेतीन महिन्यांच्या त्या प्रवासात बायकांनी २,८१५ तुकड्यांची एक चादर पुरी केली. ती आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. मध्ये एक चौकोन आणि त्याभोवती एकाबाहेर एक चौकटी, अशी तिची रचना. त्यातले काही टाके अतिशय सफाईदार आहेत, काही अगदी नवशिके. दोन्हींना जागा मिळाली ती त्या चौकटींमुळे. त्या बायका मुक्कामाला पोचल्यावर पांगल्या असणार, पण हातांमधला फरक त्या कापडात अजून दिसतो. मला ती चादर म्हणूनच फार मोठी वाटते.

आणि इथेच तुमच्या काकींच्या ब्लॉकचं उत्तर आहे. तो उसवू नका. माझ्या पहिल्या गटात मी हे केलं होतं. एका मैत्रिणीचा ब्लॉक तिरका आला होता, मी रात्री बसून उसवला, परत शिवला आणि गुपचूप ढिगात ठेवला. तिने तो हातात घेतला, उलटा केला, टाके बघितले आणि काही न बोलता खाली ठेवला. पुढच्या महिन्यापासून ती आली नाही. आज १५ वर्षं झाली, ती गोधडी माझ्याकडे आहे आणि त्या ब्लॉकवर नजर गेली की मला तिचा चेहरा आठवतो. काकींचा ब्लॉक वाकडा असेल तर त्याच्या पट्ट्या अडीचऐवजी साडेतीन इंच घ्या, आणि साडेचौदात कापताना ब्लॉकचा कल पाहून नाही, चौकटीचा काटकोन पाहून कापा. बाहेरून तो बाकीच्यांइतकाच सरळ होईल, आत जसा आहे तसा राहील. कडा ताणून सैल झाली असेल तर पट्टी लावण्याआधी त्या कडेला हाताने बारीक धावदोरा घालून किंचित ओढून घ्या.

दोघींचं येणं का थांबलं, हे मी ओळखू शकते. दसऱ्याला सुरुवात केली, मग दिवाळी, तुळशीचं लग्न, मग गावोगावच्या जत्रा, आणि मार्चात शिगमो आणि मुलांच्या परीक्षा. गोव्यात बायकांच्या हाताला सवड असते ती पावसात, मृगापासून श्रावणाच्या सुरुवातीपर्यंत. गटाचं वर्ष तिथून सुरू करावं. चवथीच्या महिन्यात कुणाकडून काही मागू नये. जत्रांच्या महिन्यांत सोपा ब्लॉक द्यावा, साध्या पट्ट्यांचा, आणि अवघड ते जून-जुलैसाठी राखावं. त्या दोघींकडे ब्लॉक मागायला जाऊ नका. नुसती चौकटीची कापलेली पट्टी घेऊन जा आणि ‘तुमच्या आधीच्या ब्लॉकला ही लावून द्याल का’ एवढंच विचारा. अर्ध्या तासाचं काम असतं, बहुतेक वेळा माणूस परत येतं.

पुढची फेरी कराल तेव्हा रीत थोडी बदला. एकच गोधडी सगळ्यांची असं ठेवलं की शेवटी ती कुणाच्या घरी जाणार हा प्रश्न उरतो. पाळीने करा: एकेक महिना एकेकीचा. तिच्या महिन्यात बाकीच्या सात जणी तिच्यासाठी एकेक ब्लॉक शिवतील, आठवा तिचा स्वतःचा. पार्श्वभूमीचं कापड जिची पाळी तिने सगळ्यांना एकाच ताग्यातून कापून द्यायचं. हे फार महत्त्वाचं आहे. पांढऱ्यातही दहा पांढरे असतात आणि आठ घरांतून आलेले आठ पांढरे एकत्र ठेवले की एक तरी मळका दिसतो.

कापडाची निवड ही तुमची हौस आहे, त्यात मी जास्त बोलत नाही. फक्त सुती घ्या. शिंप्याकडून किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कटपीस आणले तर एक धागा जाळून बघा: सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख, टेरिकॉट असेल तर वितळून टणक मणी होतो. टेरिकॉट आणि सुती एका ब्लॉकमध्ये शिवले तर धुतल्यावर सुती आटतं, दुसरं आटत नाही आणि ब्लॉक फुगतो. घरात आजीची जुनी कुणबी साडी असेल तर तिचे लाल चौकडे ब्लॉकमध्ये फार सुंदर दिसतात. पण हातमागाची वीण सैल असते, कापली की कडा सुटते. आधी धुवून घ्या, मग पेजेच्या निवळीत बुडवून, वाळवून, इस्त्री करून कापा. आणि लाल कापड न धुता कधी वापरू नका. ओल्या पांढऱ्या रुमालावर ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमालावर डाग उठला तर ते अजून रंग सोडतंय, पुन्हा धुवायचं.

पेजेची ही खळ मात्र काम संपल्यावर धुवून काढायलाच हवी. आपल्या दमट हवेत खळीच्या कपड्याला कसर लागते आणि बुरशी धरते. चालू कामासाठी प्लॅस्टिकचा घट्ट डबा नको, त्यात ओल कोंडते. जुना सुती अभ्रा सगळ्यात बरा. महिन्यातून एकदा सावलीत वारं द्यावं, कडक उन्हात रंग उडतात. आणि जून ते सप्टेंबर कापडात टाचणी ठेवून उठायचं नाही. एका पावसात मी चार दिवसांसाठी म्हणून टाचण्या लावून ठेवल्या, घरात आजारपण निघालं, महिन्याने उघडलं तर प्रत्येक टाचणीखाली गंजाचा ठिपका. ते ठिपके गेले नाहीत. टाचण्या-सुया एका डबीत शाळेच्या खडूचा तुकडा टाकून ठेवा, खडू ओल ओढतो.

सॅम्पलर कधी सुरू करावं? आजच. गटाच्या कामासोबत, वेगळं. सॅम्पलर म्हणजे प्रत्येक ब्लॉक वेगळ्या नमुन्याचा, आणि माझ्या मते प्रत्येक ब्लॉकने तुम्हाला एकच नवी गोष्ट शिकवावी. पहिला नऊ चौकटींचा: चार इंचांचे नऊ चौकोन, कापायचे साडेचार इंचाचे. यात माया आणि कोपरे जुळवणं येतं. दुसरा त्रिकोणांचा. उरेब कडा पहिल्यांदा हाताखाली येते ती इथे, म्हणून मी त्रिकोण वेगळे कापायला सांगत नाही. पाच पाच इंचांचे दोन चौकोन, एक फिका एक गडद, समोरासमोर ठेवा. पाठीवर कर्णरेघ आखा, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा आणि मग रेघेवर कापा. दोन चौकोन मिळतात, अर्धे फिके, अर्धे गडद. ते साडेचार इंचात छाटा, कर्ण बरोबर कोपऱ्यातून जाईल असं धरून. सुरुवातीला छाटणं म्हणजे कापड फुकट घालवणं वाटतं. तसं नाही, पुढचे दोन तास वाचतात.

तिसरा ‘लॉग केबिन’, म्हणजे ओंडक्यांचं घर. मध्ये दोन इंचांचा चौकोन आणि त्याभोवती एकेक इंचाच्या पट्ट्या, पाच फेरे. दोन अधिक पाच फेऱ्यांचे दहा, झाला बारा इंचांचा ब्लॉक. पट्ट्या कापायच्या दीड इंचाच्या, दोन बाजूंना फिक्या, दोन बाजूंना गडद. अमेरिकेत मधला चौकोन लाल ठेवायची रीत होती, तो म्हणजे घरातली चूल असं मानतात. हा ब्लॉक उरलेल्या चिंध्यांवर होतो आणि मन शांत करतो. मी घरात काळजी असली की हाच शिवते. त्यानंतर कापडावर कापड टाचून हाताने शिवायचा एक, आणि शेवटी गोलाईचा. गोलाईला घाई नको. दर इंचाला टाचणी, आणि आत वळणारी कडा वर ठेवून शिवायची.

दर महिन्याला बारा इंचांचा ब्लॉक होत नसेल तर लहान करा. अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये जेन स्टिकल या बाईने १८६३ साली, तिथल्या यादवी युद्धाच्या काळात, एक गोधडी पुरी केली. त्यात साडेचार साडेचार इंचांचे १६९ ब्लॉक, जवळपास प्रत्येक निराळ्या नमुन्याचा. एका कोपऱ्यात तिने ‘युद्धकाळात, १८६३’ असं लिहून ५,६०२ तुकडे हा आकडा आणि आपलं नाव घातलं. तळहाताएवढा ब्लॉक असेल तर तो भाताला उकळी येईपर्यंतच्या वेळात हातशिलाईने पुढे सरकतो.

सॅम्पलर चालू असलं की त्याचा फायदा गटाला होतो. नवा नमुना आधी स्वतःच्या सॅम्पलरवर शिवून बघायचा, कुठे चुकतं ते कळलं की मग गटाला द्यायचा. आठ जणींना न शिवलेला नमुना वाटणं हे मी आता कधीच करत नाही.

सगळे ब्लॉक जोडल्यावर आत काय घालावं? दुकानातली जाड पॉलिस्टरची लादी आपल्या हवेला नको, एप्रिलमध्ये कुणी अंगावर घेणार नाही. मऊ झालेली जुनी सुती साडी एक पदरी किंवा दुपदरी, आणि खाली मांजरपाटाचं अस्तर. तिन्ही थर जमिनीवर सपाट पसरून, मधून बाहेरच्या दिशेने कच्चा दोरा घालून मग धावदोरा मारा, ओळींमध्ये इंच-दीड इंच अंतर ठेवून. कडेला दुहेरी गोट. आपल्या शेजारी, उत्तर कन्नडात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंडी, म्हणजे त्यांच्या रीतीची गोधडी, शिवतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले. त्या ब्लॉक करत नाहीत. कडेपासून सुरुवात करून तुकडे आणि धावदोरा एकाच वेळी घालत फेऱ्यांनी मध्याकडे जातात, आणि कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी ‘फुलं’ लावतात. धावदोऱ्याचा हात बसवायचा असेल तर एखादी कवंडी जवळून बघा. टाके मोठे असतात, पण ओढ सगळीकडे सारखी.

आता चोविसावा ब्लॉक. तो नावांचा करा. अमेरिकेत १८४०च्या दशकात मैत्रिणी ब्लॉकवर आपापली नावं शाईने लिहून देत आणि लांब जाणाऱ्या बाईला ती गोधडी भेट मिळे. आपल्याकडे शाईवर भरवसा ठेवू नका, उलट्या टीपेने दोऱ्यात घाला. साडेबारा इंचाचं साधं मांजरपाट घ्या, त्याला बाकीच्यांसारखीच चौकट लावा, वर वर्ष आणि गाव. आठही जणींनी आपलं नाव आपल्या अक्षरात पेन्सिलीने लिहायचं, येईनाशा झालेल्या दोघींनीही. काकींना टीप घालायला जमणार नसेल तर त्यांच्या अक्षरावरून तुम्ही घाला, अक्षर हललेलं असेल तिथे दोराही तसाच हलू द्या.